हयातीचा दाखला

पाचोड,
३ जुलै २०२०

मोनिका,

आधी हात धू, मग वाच. वाचून झालं की परत धू. कागदावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवलीय, त्यात कोपरा करपला. विरहानं करपलेला नाही, नाहीतर म्हणशील सुदर्शनचं परत सुरू झालं.

सुरू झालंयच म्हणा. महिना झाला तुझा फोन बंद. मी रोज लावतो. आधी ती कोरोनाच्या सूचनेची बाई खोकते, मग दुसरी बाई सांगते की फोन बंद आहे. शाळेत दहा वर्षं एका वर्गात असून तुझ्याशी जेवढं बोललो नसेन तेवढं या दोन बायांशी बोलणं झालंय. शेवटी फकिरामामाला धरलं. आपल्या दवाखान्याची अँब्युलन्स तोच चालवतो आणि दिवसाआड पेशंट घेऊन तुमच्या हॉस्पिटलला येतो. म्हणाला, "नेतो, पण माझा नियम हाय. कागद तीन दिवस उन्हात, मगच पुढं." म्हणजे हे पत्र त्याच्या काचेमागं तीन दिवस कुरडईसारखं वाळून तुझ्या हातात पडेल.

माझं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. कॉलेज सुटलं ते सुटलंच. घरचे म्हणतात माफी माग, दुसरं वर्ष तरी पदरात पडेल. का मागू? प्रॅक्टिकलला सर तुम्हा नर्सिंगच्या पोरींबद्दल नको ते बोलले, मी टेबल उलटं केलं. टेबलावर ॲसिड होतं हे टेबल उलटं झाल्यावर दिसलं. आता मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो. लग्नं बंद, वाढदिवस बंद, पुढारी घरात. श्रद्धांजली तेवढी जोरात.

मुद्द्याचं. काल टपरीवर विश्वजीत म्हणाला, "सोमनाथ तांगड्याच्या पोरीला बापानंच सांगितलंय, गावात पाऊल टाकू नको. कोरोनाच्या वॉर्डात असती ती." मी त्याची कॉलर धरली. सहा फुटांचं अंतर मोडलं म्हणून लोकांनी आम्हा दोघांनाही काठीनं हाणलं. सहा फुटी काठीनं.

तिथंच ठरवलं. दहा बाय आठचा फ्लेक्स. वर तुझा फोटो, खाली 'कोविड योद्धा'. आणि तो इथं नाही, थेट सिडकोत तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. आपल्या शेजारी कोण राहतं ते तिथल्या लोकांना कळू दे.

विचारत नाही, सांगतोय. आठ तारखेला लावतो.

तुझा (हे खोडणार नाही)
सुदर्शन


औरंगाबाद,
६ जुलै

सुदर्शन,

फ्लेक्स लावू नकोस. हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण तू पहिली ओळ वाचतोस आणि कुणाची तरी कॉलर धरायला निघतोस.

परत लिहिते. लावू नकोस.

मी काय करते हे इथं कुणालाही माहीत नाही. घरमालक हेमचंद्र काका तहसील कचेरीतून रिटायर झालेत आणि कॉलनीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी एप्रिलमध्येच गेटवर कागद चिकटवला, की दवाखान्याशी संबंधित भाडेकरूंनी आपली सोय अन्यत्र पाहावी. त्या कागदाच्या बरोबर वर आमच्यासाठी थाळ्या वाजवतानाचा कॉलनीचा फोटो आहे. म्हणून मी बँकेत आहे.

कालिंदी काकू, म्हणजे काकांच्या मिसेस, रोज काहीतरी विचारतात.

"तुमच्या बँकेत फिनाइलचा एवढा वास कसा गं?"

"नवे मॅनेजर फार स्वच्छतेचे आहेत काकू."

"आणि नाकावर हे वळ कसले?"

"चष्मा घट्ट होतो."

मला चष्मा नाही, सुदर्शन. दुसऱ्या दिवशी बिननंबरचा आणला. आता त्याचेही वळ पडतात.

उद्यापासून आठ दिवस वॉर्ड, राहायचंही तिकडंच. काकूंना सांगितलं की ऑडिट आहे, संपेपर्यंत घरी सोडत नाहीत. काकू म्हणाल्या, "आकड्यांनी डोळे बघ कसे झालेत पोरीचे."

त्यांचं खरं आहे, आकड्यांनीच झालेत. गल्लीतून चालताना घरांवरचे नंबर दिसतात आणि माझे पाय थांबतात. ऑक्सिजन शहाण्णव, ठीक. एक्याण्णव, लक्ष ठेवा. काल चौऱ्याऐंशीसमोर उभी राहिले आणि बेल दाबली. आतून एक आजोबा आले, चांगले धडधाकट. मी म्हटलं, "पालथे झोपा." त्यांनी कुत्रं सोडलं.

बाबा मला येऊ नको म्हणाले हे खरं आहे. धाकटीचं लग्न जमवायचंय त्यांना. मला राग नाही.

फोनचं विचारू नकोस. तो गव्हाच्या डब्यात आहे, तळाशी.

मोनिका


पाचोड,
८ जुलै

मोनिका,

लागला!

तुझं उत्तर आलंय असं फकिरामामा म्हणाला, पण ते त्याच्या काचेमागं वाळतंय आणि तीन दिवस व्हायचे आहेत. मागितलं तर म्हणाला, "नियम म्हंजे नियम." असू दे. कौतुकच केलं असशील.

फ्लेक्स बघितल्यावर मला माफ करशील. तुझा दहावीच्या निरोप समारंभातला फोटो घेतला आणि मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट केला. लई भारी दिसतो, जुन्या हिरोइनीसारखा. भोवती पांढऱ्या कमळांची गोल फ्रेम. एका कोपऱ्यात समई जळतीय. ती फाईलमध्ये आधीच होती, शोभून दिसली म्हणून राहू दिली. खाली मोठ्या अक्षरात, 'कोविड योद्धा मोनिका सोमनाथ तांगडे, तुझ्या सेवेला अखेरचा नाही, पहिला सलाम!' मग 'अखेरचा नाही' जरा लांबट वाटलं. काढायला गेलो तर घाईत 'नाही, पहिला' एवढंच निघालं, पण वाचताना ओघ चांगला येतो म्हणून ठेवलं. सगळ्यात खाली, शुभेच्छुक : सुदर्शन आणि मित्रपरिवार.

आणि गल्ली! मोनिका, तू तिथं असायला हवी होतीस. मी अँब्युलन्सवर चढून दोऱ्या बांधत होतो तोवर गच्च्या भरल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. लोकांनी हात जोडले. एक गोऱ्यापान काकू तर हमसून रडायला लागल्या, म्हणाल्या, "काही बोलली नाही हो कधी!" मी म्हटलं, "ती तशीच आहे." मी खाली उतरायच्या आत कुणीतरी हारसुद्धा आणून घातला.

मी उगाच या लोकांवर दात धरून होतो. माणसं चांगली आहेत गं.

परवापासून कडक लॉकडाऊन. भेटू नंतर.

सुदर्शन


औरंगाबाद,
१६ जुलै

सुदर्शन,

मी वारले आहे.

काल ऑडिट संपवून गल्लीच्या तोंडाशी आले, तर वर माझा फोटो, त्याला सुकलेला हार, खाली पणत्या. समई, कमळं आणि 'अखेरचा सलाम'. तुला खरंच काही वाटलं नाही? दिवसभर श्रद्धांजली छापणाऱ्या माणसाला? तुझं आठ तारखेचं पत्र आज मिळालं, वॉर्डात कागद येऊ देत नाहीत.

गेटवरून हाक मारली. हेमचंद्र काका बाल्कनीत आले.

"कोण?"

"मी मोनिका, काका."

"मोनिका वारली."

"नाही काका, मी इथंच आहे."

"बाई, चौकात लागलंय."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या, किंचाळल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मुक्ती मिळो गं बाळे तुला." मग माझ्या हातातली वांग्यांची पिशवी दिसली. भूत वांगी आणत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि मग फ्लेक्सवरचा 'कोविड' हा शब्दही लक्षात आला. "म्हणजे तू बँकेत नव्हतीस?" आणि आतून कडी.

मी मेलेली होते तोवर माझ्या कोविडचं कुणाला काही नव्हतं. जिवंत निघाले तशी बारा घरांची दारं लागली.

काकांनी वरूनच खुलासा केला. नऊ तारखेला सगळ्यांनी आपापल्या गच्चीवर दोन मिनिटं शांतता पाळली, शोकठराव झाला. "झालेला शोकठराव मागे घेण्याची तरतूद नाही," म्हणाले. मग आत जाऊन कागद आणला आणि सांडशीत धरून बाल्कनीतून सोडला. हयातीचा दाखला. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, त्यांच्याकडं कोऱ्या प्रती असतात. मी सही करायची, मग डॉक्टरची सही, शिक्का. "हा आणि निगेटिव्ह रिपोर्ट. मग विचार करू." जाता जाता त्यांनी एक चौकशी केली, की गेलेल्या माणसाला शुभेच्छा देणारा हा सुदर्शन कोण?

सध्या हॉस्पिटलच्या सेमिनार हॉलमध्ये आठ जणी राहतो. सगळ्यांच्या घरमालकांना काहीतरी अडचण आहे. एकीच्या दाराला तर बाहेरून कुलूप घातलं, ती आत असताना. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, तुला लिहिते. शोकसभेत माझ्याबद्दल काय काय बोलले ते गेटवर छापून लावलंय. सालस, हसतमुख, कॉलनीची लेक. मी उभ्यानं सगळं वाचलं आणि मला बरं वाटलं, सुदर्शन. वाटलं, ही मुलगी सुटली. तिला आता फोन येणार नाही.

फॉर्म उशाशी आहे. भरीन.

मोनिका


पाचोड,
१७ जुलै

मोनिका,

फकिरामामानं तुझं पत्र काचेमागं ठेवलं होतं, ते मी हिसकावलं. काठी घेऊन मागं लागला. त्याचा नियम आजपासून रद्द. तुझं 'लावू नकोस' नऊला हातात पडलं, तोवर लावून झालं होतं, आणि काढायला येणार तर लॉकडाऊन लागला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोटरसायकल काढली, त्या हेमचंद्राला बघतोच म्हणून. चितेगावच्या नाक्यावर पोलिसांनी फटके देऊन परत पाठवलं. मग दुकानात येऊन दुसरा फ्लेक्स केला, 'मोनिका जिवंत आहे', बारा बाय दहा, रंगीत. दुकानातला मामा म्हणाला, "सुदर्शन, जित्या माणसाचा जिवंत हाय म्हणून फ्लेक्स लावला तर लोकं इचारतील, मेलं कधी व्हतं?"

मग पत्र परत वाचलं. चार वेळा. पहिल्या ओळीच्या पुढं.

फ्लेक्स लावत नाही. तुझ्याभोवती वीस डॉक्टर असताना एक फॉर्म भरायचा का राहतो, ते सांग. आणि फोनवर कोण होतं?

या वेळी सांगत नाही, विचारतोय.

सुदर्शन


औरंगाबाद,
२० जुलै

सुदर्शन,

मे महिन्यात तुमच्याच बाजूचे, विहामांडव्याचे एक आजोबा होते, बद्रीनाथ नाव. आम्ही त्या पांढऱ्या पोशाखात सगळ्या सारख्याच दिसतो, पण ते मला चालीवरून ओळखायचे. "आलं माहं बदकाचं पिल्लू," म्हणायचे. अठ्ठावीस तारखेला त्यांना वरणभात भरवत होते.

"बाई, वरणात मीठ नाय."

"तुम्हाला बी.पी. आहे आजोबा. अळणीच सांगितलंय."

"आठ वर्सं अळणी खातोय. आता मरायचं बी अळणीच का?"

मी माझ्या डब्यातलं चिमूटभर मीठ घातलं. सगळा भात खाल्ला त्यांनी, बोटं चाटली. वॉर्डातला फोन बिघडला होता, म्हणून माझ्या नंबरवरून त्यांच्या मुलाला सांगितलं, "बाबा पोटभर जेवले, बरे आहेत." चाळीस मिनिटांनी गेले. ते सांगणारा फोन दुसऱ्या सिस्टरनं केला. मी करायला हवा होता.

मिठानं कुणी चाळीस मिनिटांत मरत नाही. मी शिकलेली आहे, मला कळतं. पण सहा जूनला त्या मुलाचे एका सकाळीत सतरा फोन आले. मोबाईल टेबलावर थरथरत पुढं सरकत होता आणि मी त्याच्याकडं बघत होते. त्याला मिठाचं कळलंय, दुसरं काय असणार? अठराव्याच्या आधी फोन गव्हात पुरला. तरी वाजतो. कुकरच्या शिट्टीत, मॉनिटरमध्ये, रिक्षाच्या हॉर्नमध्ये.

फॉर्ममध्ये एक ओळ आहे, 'मी आज रोजी हयात आहे.' खाली सही. रोज पेन उघडते. वाटतं, खोटं कशाला लिहा.

मोनिका


पाचोड,
२३ जुलै

मोनिका,

बस. उभी असशील तर बस.

मी परत एकदा न विचारता केलंय. टेबलाच्या वेळेसारखंच, आधी केलं आणि मग दिसलं. पण सगळं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

'विहामांडवा, बद्रीनाथ' वाचलं आणि दुकानात जाऊन कॉम्प्युटर उघडला. तुझ्या फ्लेक्सवरची ती समई, ती कमळं, सगळं ज्या फाईलमधलं ते बद्रीनाथ आजोबांचं होतं. त्यांच्या तेराव्याचा फ्लेक्स मीच छापला. त्यावरून माझं आणि त्यांच्या मुलाचं, शिवराजदादाचं भांडणही झालं होतं. खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं असतात ना, त्यात शेवटी तो म्हणाला, "लिव्ह, दवाखान्यातली लेक, कुमारी, आन पुढं जागा सोड." मी म्हटलं, "दादा, फ्लेक्सवर रिकामी जागा कोण सोडतं? लोक मला हसतील." तो म्हणाला, "नाव कळलं की लिव्हीन. तू छाप गपचिप."

काल फकिरामामासोबत शिवराजदादाच्या वस्तीवर गेलो. शिवराजदादा भेटला, त्याची आई सारजाबाई भेटली. ते सतरा फोन काय होते ऐक. सहा जूनला दहावा होता. पैठणला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तीन तास. कावळा समोरच्या खांबावर बसलेला, मास्क लावलेले पाचजण खाली उभे. शेत नीट बघतो म्हणून झालं, आईला सांभाळतो म्हणून झालं, म्हातारीनं तर "बिडी ठिवू का?" विचारलं. कावळा ढिम्म. मग दादा म्हणाला, शेवटी ज्या बाईनं जेवू घातलं तिलाच इचारू, काय मागितलं व्हतं बाबांनी. म्हणून सतरा फोन. तू उचलला नाहीस. शेवटी हात जोडून म्हणाला, "जिनं शेवटचा घास घातला ती ह्या घरची लेक," आणि कावळा उतरला. आता कावळ्याला भूक लागली असेल, मी काही त्यातला जाणकार नाही. जे झालं ते सांगतोय.

मग मी मिठाचं सांगितलं. घाबरतच सांगितलं.

शिवराजदादा हसायला लागला. इतका हसला की बांधावर बसला, "खारट खाऊन गेला म्हातारा!" म्हणत म्हणत त्याचं हसणं कधी रडणं झालं ते कळलं नाही. सारजाबाईंनी मला विचारलं, "किती घातलं व्हतं पोरीनं?"

"चिमूटभर, आजी."

"आजून जरा घालायचं की."

फ्लेक्स त्यांनी कडब्याच्या गंजीवर झाकायला टाकला होता. एका बाजूनं शेळीनं खाल्लाय, पण नावं शाबूत आहेत. दादानं ऑइल पेंटनं त्या रिकाम्या जागेत तुझं नाव लिहिलं. अक्षर वाकडंय. तोच फ्लेक्स घडी करून पाठवतोय. तो म्हणाला, "तिला म्हनाव, राखीला ये. ताट सैपाकघरातच वाढतो, वसरीत न्हाय."

माझ्याकडून एकच. सही खोटी वाटली तर करू नकोस. पण ज्याला असं वाटतं त्यानं डॉक्टरला सांगायचं असतं, फ्लेक्सवाल्याला नाही. तुमच्याकडं त्याचेही डॉक्टर असतील.

सुदर्शन


औरंगाबाद,
३० जुलै

सुदर्शन,

फ्लेक्स सेमिनार हॉलमध्ये अंथरला. आठही जणी त्यावर बसून रडलो. शेळीनं खाल्लेल्या बाजूला जागा कमी होती.

मनाच्या डॉक्टरकडं गेले. मागच्या जिन्यानं गेले, कुणी बघायला नको म्हणून. वेडी ठरले तर ड्युटी लावणार नाहीत, लावली तर सोबत कुणी जेवणार नाही. आम्हीही आमच्यात तसंच करतो. जिन्यात समोरून आमच्या हेड सिस्टर उतरत होत्या, फाईल पदराखाली. दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी दहा दिवसांची रजा न विचारता मंजूर केली. गोळ्या सुरू आहेत. झोप येते. परवा चौऱ्याऐंशी नंबरच्या घरावरून गेले, नुसतं घर होतं. कुत्रं मात्र विसरलेलं नाही.

हेमचंद्र काकांना दाखला द्यायला गेले तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट होता, पण दाखल्यावर सही झाली नव्हती. म्हटलं, एवढंच आहे, आणि गेटवर शिवराजदादांचा फ्लेक्स उलगडला. काकांनी दुर्बीण आणली. नावं वाचली, परत वाचली. मग म्हणाले, "शोकाकुल व्यक्ती हयात असणं अभिप्रेत आहे. मृताला शोक करता येत नाही. पुरावा ग्राह्य." आणि घरात जाऊन आवक रजिस्टरमध्ये नोंद केली.

काकू खाली आल्या, गेटपर्यंत. माझ्या फोटोचा हार त्यांच्या हातात होता. "गेलीस म्हणून आठ दिवस रडले मी," म्हणाल्या, "आणि समोर उभी राहिलीस तर कडी लावली. माझं मलाच कळत नाही गं." मग विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. त्यांनी दार उघडं ठेवून ताट वाढलं. काका एका खोलीत बसून राहिले, पण कडी लावली नाही.

जेवताना वरणात मीठ कमी होतं. मी मागून घेतलं. मग हात धुतले आणि फॉर्म भरला.

तुझा बारा बाय दहा मामांना दे, पावसात मशिनवर झाकायला होईल. आणि कॉलेजच्या माफीचं बघ. सर चुकलेच होते, पण ॲसिड तुझ्याकडूनच सांडलं.

सोबत माहितीसाठी प्रत :

मी, मोनिका सोमनाथ तांगडे, वय २३, व्यवसाय बँक (खोडून) परिचारिका, आज रोजी हयात आहे.
सही : मोनिका
शेरा : राखीला विहामांडव्याला जाणार. वाटेत पाचोड लागतं, अँब्युलन्स दुकानापाशी पाच मिनिटं थांबेल. फोन गव्हातून काढून चार्जिंगला लावलाय. पहिला शिवराजदादांना केला. तू लाव. उचलेनच असं नाही, पण वाजू दे.